पॅनिक आणि नैराश्यासाठी सीबीटी: साताठ महिन्यांच्या वापरानंतर

सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि कृती बदलत करायचा मानसोपचार) घ्यावी का, असं अलीकडे ओळखीतल्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी कोल्हापूरला एका सहकारी बँकेत कर्ज विभागात काम करते. मला आधी पॅनिकचे झटके सुरू झाले आणि त्यांच्या मागोमाग नैराश्य आलं. मनोविकारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली आणि एका मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं. माझं मत आधीच सांगते. चिंतेवर इतका नेमका दुसरा उपाय मला मिळाला नाही. नैराश्यावरही तो लागू पडला, पण विचार तपासण्याची वही बाजूला ठेवून आधी दिवसभराच्या कामांचा तक्ता हातात घेतला, तेव्हापासून.

ज्यांना झटका येऊन गेलाय त्यांना तो कसा असतो हे सांगायला नको. छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात आणि आता आपण मरणार याची खात्रीच पटते. माझा ईसीजी, इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल आलं. ‘काही नाहीये, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून मला घरी पाठवलं गेलं. पण शरीरात काहीतरी होत असतंच, त्यामुळे ‘काही नाही’ ऐकून धीर येत नाही. नेमकं काय होतं, ते मॅडमनी कागदावर एक गोल काढून समजावलं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडलेलं हे चक्र आहे. जिना चढल्याने, जास्त चहाने, कशानेही धडधड थोडी वाढते. मन तिचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावतं. त्या अर्थाने भीती वाटते, भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि त्याने धडधड आणखी वाढते. चूक धडधडण्यात नसून त्याला लावलेल्या अर्थामध्ये आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

कळून झटके थांबत नाहीत. थांबवले ते प्रयोगांनी. मॅडमनी समोर बसवून मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला, मिनिटभर. त्याआधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतंय आणि खात्री शंभरात किती. मी लिहिलं, ‘चक्कर येऊन पडेन, ८०’. गरगरलं, ओठ बधिर झाले, पण पडले नाही. मॅडमनी कारणही सांगितलं. बहुतेक वेळा माणूस बेशुद्ध पडतो तो रक्तदाब घसरल्यावर, आणि घाबरल्यावर तो उलट वाढतो. (हृदयाचा त्रास, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे घरी करून बघू नका, डॉक्टरांना विचारा.) पुढे बँकेचे जिने भराभर चढणं, खुर्चीत गरगर फिरणं आणि शेवटी सणाच्या गर्दीत महाद्वार रोडवर एकटीने जाणं, असं चढत्या क्रमाने केलं.

सगळ्यात अवघड होतं सोबतीच्या सवयी सोडणं. पर्समध्ये सॉर्बिट्रेट ही हृदयविकाराची गोळी, हातात पाण्याची बाटली, दर थोड्या वेळाने नाडी मोजणं, बाजारात जाताना सासूबाईंना बरोबर घेणं. यात वाईट काय, असं मला वाटायचं. मॅडम म्हणाल्या, ‘प्रत्येक वेळी तुम्ही वाचता आणि श्रेय त्या गोळीला जातं. धोका नव्हताच, हे मनाला कळणार कधी?’ गोळी कपाटात ठेवून पहिल्यांदा एसटीत बसले तो प्रवास माझ्यासाठी या साऱ्या उपचारातला सर्वात मोलाचा तास होता. दोन महिन्यांत झटके जवळजवळ थांबले. अजून कधी धडधड होते, पण मी तिच्यामागे धावत नाही.

आपल्याकडे वाचणाऱ्या माणसांना एलिस माहीत असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५५ पासून न्यूयॉर्कमध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे महाराष्ट्रात बरीच रुजली. घटना, तिच्याकडे बघण्याचा दृष्टिकोन आणि भावनिक परिणाम हे तीन रकाने मीही आखले. ‘माझ्या हिशेबात एकही चूक होता कामा नये’ या हट्टाऐवजी ‘चूक होऊ नये अशी माझी इच्छा आहे, झाली तर दुरुस्त करेन’ असं लिहायला शिकले. कामाच्या ताणावर याचा खरा उपयोग झाला. पण एलिसच्या चरित्रातला एक भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तरुणपणी त्याला मुलींशी बोलायची फार भीती होती. म्हणून ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांशी तो स्वतःहून जाऊन बोलला. विचारांचा उपचार काढणाऱ्या माणसाची स्वतःची भीती गेली ती आधी कृतीने.

नैराश्याच्या बाबतीत मला हेच पटलं. सीबीटीचा पाया घालणाऱ्या फिलाडेल्फियाच्या मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेकने १९६० च्या दशकात दाखवलं की नैराश्यात माणूस स्वतःकडे, जगाकडे आणि भविष्याकडे काळ्या नजरेने बघतो, आणि या विचारांचे पुरावे तपासता येतात. सिद्धांत मला तंतोतंत लागू होता. पण सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं तेव्हा ‘मी निरुपयोगी आहे’ या विचाराचे पुरावे लिहायला बसले, की बाजूने पानभर सुचायचं आणि विरोधात एक ओळ. वहीचं आरोपपत्र व्हायचं. रडून झोपायचे.

मॅडमनी ती वही सरळ बंद करायला लावली आणि तासागणिक तक्ता दिला. काय केलं, त्यात किती आनंद वाटला, किती जमल्यासारखं वाटलं, दोन्हीला दहापैकी गुण. अट एकच, मन होण्याची वाट बघायची नाही. पहिल्या आठवड्यात कामं होती अंघोळ, केसांना तेल, गच्चीवर दहा मिनिटं ऊन. आनंदाला शून्य, कधी एक. पण ‘जमलं’च्या रकान्यात तीन-चार दिसायला लागले. मग रंकाळ्यावर चालणं आलं, बहिणीला फोन आला, बंद पडलेली भिशी आली. तीन-चार आठवड्यांनी आनंदाचे गुण हलले आणि त्यानंतरच विचारांची वही पुन्हा उघडली. तेव्हा तिचा उपयोग झाला.

हा फक्त माझा अनुभव नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांनी १९९६ साली बेकच्या उपचाराचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा नुसत्या कृतींचा भाग पूर्ण उपचाराइतकाच गुणकारी ठरला. आणि गोव्यात संगाथ या संस्थेने जे केलं, ते तर प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवं. प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना हाच कृतींचा उपचार सहा ते आठ भेटींत दिला. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, तर नेहमीचीच देखभाल मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. जे गोव्याच्या आरोग्य केंद्रात जमतं ते आपल्या तालुक्याच्या ठिकाणी का मिळू नये, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. मला दिलेल्या एस्सिटॅलोप्राम या गोळीने पहिला आठवडा मळमळलं, फरक साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जाणवला. तक्ता भरण्याइतकी ताकद तिनेच दिली असं मला वाटतं. मनाने बंद करू नका, डोस हळूहळू उतरवावा लागतो.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. या मॅडमच्या आधी मी एका समुपदेशकांकडे गेले होते. तिथे ‘पॉझिटिव्ह राहा, ध्यान करा’ याच्या पुढे काही मिळालं नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: घरी करायला काय देणार, आणि सुधारणा कशी मोजणार? माझ्या मॅडम दर भेटीला पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची चाचणी भरून घेत. २७ पैकी गुण असतात. माझे सुरुवातीला पंधराच्या वर होते, आता पाच-सहाच्या आसपास असतात. फी हजाराच्या पुढे होती आणि आमच्या विम्यात ओपीडी बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलंय, पण भेटींचा खर्च माझ्या खिशातूनच गेला. आणि ज्या बाईला नवरा मारतो किंवा जिचा पगार चार महिने थकलाय, तिला ‘तुमचा दृष्टिकोन तपासा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तिथे आधी परिस्थितीला हात घालायला हवा.

फी परवडत नसेल तर सरकारची टेलिमानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर उपचार कुठला याचा विचार न करता आधी तिथे फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

सध्या मी महिन्यातून एकदा जाते. पुन्हा घसरण सुरू झाली तर आधी काय दिसेल, याची यादी केली आहे: फोन न उचलणं, डब्याला रोज तेच नेणं, रात्री तीनला जाग येणं. एक प्रत सासूबाईंकडे आहे. यातलं काही सलग आठवडाभर दिसलं तर त्यांनी मला न विचारता मॅडमची वेळ घ्यायची, असं ठरलं आहे. डोस उतरवायचा की नाही ते पुढच्या महिन्यात डॉक्टर ठरवतील. त्यानंतर कसं चाललंय तेही लिहीन.