लाकडी आकारांचा संच: चौरस मोजूनच घ्या

नात तिसरीत गेली म्हणून बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका दुकानातून लाकडी आकारांचा संच घेतला. २४ तुकडे, ३५० रुपये. कडा छान घासलेल्या, बोटात कुसळ जात नाही, ओल्या फडक्यानं पुसूनही रंग उतरला नाही.

मी ३१ वर्षं फिटरचं काम केलं. घरी येऊन आधी चौरसाला गुण्या लावला. कोपरे चारही काटकोनात होते. मग कॅलिपर लावला, तर एक बाजू ६० मिलिमीटर आणि शेजारची ५८! हा आयत झाला. ‘चौरसाच्या चारही बाजू सारख्या’ हे पोरीला शिकवायचं आणि हातात हा तुकडा द्यायचा, हे मला पटेना. दुकानदारानं लगेच बदलून दिला. दुसरा संच तिथंच मोजून घेतला. कॅलिपर नसेल तर तुकडा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा, कापा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतून घडी घाला. कडेवर कड बसली की बाजू सारख्या.

खोक्यावर नावं गुजराती आणि इंग्रजीत आहेत. बडोद्यातल्या आमच्यासारख्या घरांना यातलं बरंच ओळखीचं. चोरस म्हणजे चौरस, काटखूणो म्हणजे काटकोन. वर्तुळ, व्यास, त्रिज्या दोन्हीकडे तेच. आयताला शाळेत लंबचोरस म्हणतात. अडलं ते नळाकारापाशी. मराठीत वृत्तचिती म्हटल्यावर नात नुसती बघत राहिली. मग पाच रुपयांची दहा नाणी एकावर एक रचून दाखवली : चिती म्हणजे असं रचलेलं. इष्टिका म्हणजे वीट, हे सांगितल्यावर इष्टिकाचिती तिची तिलाच उमगली. मराठी नावांच्या चिठ्ठ्या मी स्वतः चिकटवल्या आहेत.

खरी उणीव त्रिकोणांत आहे. सहाच्या सहा समभुज! पुठ्ठ्याचा एक लांबट, निमुळता त्रिकोण कापून दिला तर नात म्हणाली, “आबा, हा त्रिकोण नाही, हा काटा आहे.” तिची चूक नाही, तिनं दुसरा त्रिकोण पाहिलाच नव्हता. शेवटी प्लायच्या तुकड्यातून समद्विभुज, विषमभुज आणि काटकोन त्रिकोण करवतीनं कापून संचात घातले. बनवणाऱ्यांनी हे स्वतःहून द्यायला हवं.

तसंच चौरसाचं. तो टोकावर उभा केला की तिच्या लेखी पतंग. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवणाऱ्या गावात हे होणारच. तिच्याकडूनच तो सावकाश फिरवून घेतला, दर वेळी बाजू मोजायला लावल्या. चौथ्या वेळी पट्टी खाली ठेवून म्हणाली, “फिरवला तरी चौरसच.”

मला सगळ्यात आवडली ती चकती. व्यास बरोबर ७ सेंटिमीटर, मधोमध बारीक भोक. कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि त्या रेषेला वर्तुळ म्हणतात हे सांगितलं. भोकातून टोचलेला ठिपका म्हणजे केंद्र. मग कडेला दोरा गुंडाळून पट्टीवर सरळ केला. २२ सेंटिमीटर भरला. “तीन व्यास आणि वर थोडासा,” नात म्हणाली, आणि धावत जाऊन स्वयंपाकघरातून डब्याची झाकणं घेऊन आली.