एम-पेसा की यूपीआय? मोबाइलमधल्या पैशाच्या दोन वाटा

केनियात सफारीकॉम या मोबाइल कंपनीने २००७ मध्ये एम-पेसा सुरू केलं. आपल्याकडे यूपीआय आलं २०१६ मध्ये. दोन्हींत पैसा मोबाइलवरूनच जातो, पण वाट अगदी वेगळी.

एम-पेसाला बँक खातं लागत नाही, इंटरनेटही नाही. साधा बटणांचा फोन, सिमवरचा मेनू आणि पिन एवढं पुरतं. नैरोबीत राबणारा मुलगा पैसे पाठवतो आणि गावाकडची आई जवळच्या एजंटच्या दुकानातून रोख घेते. बँक जिथे पोचलीच नव्हती तिथे दुकानदारच बँक झाला, हे मला फार मोठं वाटतं. मात्र पैसे काढताना शुल्क कापलं जातं.

यूपीआयमध्ये पैसा थेट एका बँक खात्यातून दुसऱ्यात. ॲप कुठलंही चालतं, ग्राहकाला सहसा शुल्क नाही. म्हणून तर दहा रुपयांच्या कोथिंबिरीच्या जुडीलाही क्यूआर कोड. स्मार्टफोन नसलेल्या आजीसाठी २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलं, पण ते वापरणारं कोणी मी भाजीबाजारात अजून पाहिलेलं नाही.

रचना यूपीआयचीच चांगली, असं माझं मत. पोच मात्र एम-पेसाकडून शिकावी: आजीला अडलं तर विचारायला गल्लीतलं ओळखीचं दुकान हवं.