टायरमध्ये नायट्रोजन भरावा की साधी हवा?

पंपावर हवा भरायला गेलं की हमखास विचारणा होते, "नायट्रोजन टाकू का? टायर गरम होत नाही, फुटत नाही." साधी हवा फुकट, नायट्रोजनला टायरमागे पैसे. भर उन्हाळ्यात पुणे-नागपूर गाठायचं असेल तर माणूस घाबरून हो म्हणतो. म्हणून आधी हा दावाच तपासू.

साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, २१ टक्के ऑक्सिजन. बंद जागेतल्या वायूचा दाब केल्विनमधल्या तापमानाच्या (सेल्सियसमध्ये २७३ मिळवले की केल्विन) प्रमाणात वाढतो आणि हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे. समजा, सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय (हे दाबाचं एकक) भरले. गेज फक्त वातावरणापेक्षा जास्तीचा दाब दाखवतो, त्यामुळे वातावरणाचे १४.७ मिळवून खरा दाब ४७.७. हायवेवर आतला वायू ६५ अंशांपर्यंत तापला, म्हणजे २९८ केल्विनचे ३३८ झाले, की दाब ५४.१ होतो आणि गेजवर साधारण ३९ दिसतात. टायर किंचित फुगतो तेवढं सोडलं, तर नायट्रोजन असो वा हवा, आकडा हाच.

फरक पडतो तो पाण्यामुळे. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं; ते वेळच्या वेळी काढलं नाही तर हवेबरोबर टायरमध्ये शिरतं. संपृक्त वाफेचा, म्हणजे आत पाणी असताना मावेल तितक्या वाफेचा, दाब २५ अंशांना जेमतेम अर्धा पीएसआय, ६५ अंशांना साडेतीनच्या आसपास. आत थेंब राहिले असतील तर दाबात आणखी तीनेक पीएसआयची भर पडते. नायट्रोजन कोरडा असतो, हा त्याचा खरा फायदा. पण टाकी नीट राखणाऱ्या पंपावरची हवाही बरीचशी कोरडी मिळते.

दुसरा फायदा गळतीचा. रबरातून ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या संस्थेने ३० पीएसआय भरलेले टायर वर्षभर ठेवून पाहिले: हवेचे सरासरी ३.५ पीएसआय कमी झाले, नायट्रोजनचे २.२. वर्षाला सव्वा पीएसआयचा फरक! शिवाय पंपावर नुसते चार-पाच पीएसआय वरून टाकले तर आत हवाच राहते. टायर पूर्ण रिकामा करून भरला तरी वातावरणाच्या दाबाइतकी हवा उरतेच, म्हणून शुद्धता ९३ टक्क्यांच्या आसपासच येते.

विमानांची गोष्ट वेगळी. १९८६ साली मेक्सिकोत बोईंग ७२७ चा हवा भरलेला टायर ब्रेकच्या उष्णतेने फुटला आणि १६७ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेत विमानाच्या टायरमध्ये ऑक्सिजन पाच टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आला. आपल्या गाडीचा टायर तितका तापत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या गाडीला साधी हवा पुरते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर नायट्रोजन जरूर भरा, पण टायर रिकामा करून. प्रवासात कमी पडला तर वर साधी हवा टाकायला काहीच हरकत नाही.

एक मात्र कधीच करू नका. ढाब्यावर थांबून गरम टायरचे ३९ पाहून हवा सोडून ३३ वर आणू नका. तोच टायर थंड झाला की २७ दाखवेल. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो तो बहुधा असाच. दाब सकाळी, गाडी हलवण्याआधी, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे तपासा.