भोसरीतील फायबरग्लासचे दुकान: फोमवर काच चढवणाऱ्याच्या नजरेतून

पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत फायबरग्लासचे साहित्य विकणारे एक जुने दुकान आहे. रसायनांच्या टाक्या, मोटारींचे बंपर आणि गणेशोत्सवाच्या देखाव्यांचे भाग बनवणारे कारागीर हे त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक. घरी विमान बांधण्याच्या पद्धतीचा सराव करणारा हौशी माणूस तेथे क्वचितच येत असावा. अशा माणसाच्या गरजा वेगळ्या असतात आणि हे परीक्षण तेवढ्याच गरजांपुरते आहे.

अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटान यांची व्हेरी-ईझी १९७५ साली आणि लाँग-ईझी १९७९ साली प्रथम उडाली. साच्याशिवाय विमान बांधण्याची पद्धत हौशी लोकांत पसरली ती या दोन विमानांमुळे. फोमला हवा तो आकार द्यायचा, त्यावर काचेचे कापड अंथरायचे, इपॉक्सीने, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर कडक होणाऱ्या द्रव रेझिनने, ते भिजवायचे आणि फोम कायमचा आतच राहू द्यायचा, असा हा प्रकार आहे. भार मुख्यतः कापड व इपॉक्सी यांचे कवच पेलते. फोम त्या कवचाला आधार देऊन त्याला सुरकुतू किंवा वाकू देत नाही. त्यामुळे फोम व कापड यांच्यातील चिकटपणा कमी पडला, तर दोन्ही वस्तू उत्तम असूनही भाग निकामी ठरतो.

या दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे मालक रेझिन देण्यापूर्वी, “आत काय आहे, थर्माकोल की पीयू?” हे विचारतात (पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोम). प्रश्न साधा असला तरी त्यावर सगळे काही अवलंबून असते, कारण स्वस्त पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन थर्माकोलला आणि निळ्या पॉलिस्टायरीन फोमलाही विरघळवून टाकते, तर इपॉक्सी तसे करत नाही. पंखांसाठी लागणारा दाट पॉलिस्टायरीन फोम येथे मागणी नोंदवल्यावर मिळतो. हे मुळात छताच्या उष्णतारोधनासाठी बनवलेले तक्ते असल्यामुळे त्यांच्यावर गुळगुळीत साय असते आणि ती खरवडून काढल्याशिवाय काच नीट धरत नाही. जाडीसाठी दोन तक्ते चिकटवले, तर फोम कापण्याची तापलेली तार चिकटवलेल्या रेषेवर अडखळते, म्हणून कापाच्या वाटेत गोंद येणार नाही अशी आखणी आधीच करावी लागते. पीयू फोम मात्र तारेने मुळीच कापू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतात. तो सुरीने आणि सँडपेपरनेच घडवायचा असतो. हा इशारा दुकानात कोठेही लावलेला नाही. तो लावायला हवा.

कापडाबाबत माझे मत संमिश्र आहे. प्रति चौरस मीटर २०० ग्रॅमपासून ६०० ग्रॅमपर्यंतचे विणलेले कापड येथे वजनावर मिळते. रुटान पद्धतीच्या विमानांत दोन्ही दिशांना सारखे बळ देणारे जे कापड रूढ आहे, ते साधारण ३०० ग्रॅमचे असते, आणि त्याच्या जवळपासचा माल येथे जवळजवळ नेहमीच असतो. एकाच दिशेला बहुतेक धागे असलेले कापड, जे पंखाच्या कवचाला फार आवश्यक आहे, ते मात्र मिळाले नाही. शिवाय गुंडाळ्या दाराजवळ उघड्याच उभ्या असतात, आणि कापडावरचा रासायनिक लेप इपॉक्सीसाठी आहे की पॉलिएस्टरसाठी, याची नोंद कोणत्याच गुंडाळीवर आढळत नाही. काच आणि रेझिन यांना जोडणारा दुवा हा लेपच असल्यामुळे ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही. काउंटरवर आग्रहाने पुढे केली जाणारी मॅट, म्हणजे आखूड तंतू विस्कळीत पसरून बनवलेली काचेची चादर, तर या कामासाठी घेऊच नये. तिचे तंतू बांधून ठेवणारा पदार्थ सहसा पॉलिएस्टरमधील स्टायरीनने विरघळेल असा बनवलेला असतो, इपॉक्सीत ती नीट मोकळी होत नाही आणि भरमसाट रेझिन पिते.

खरी अडचण इपॉक्सीपाशी सुरू होते. येथील देशी इपॉक्सीत १०० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर लागतो, म्हणजे वजनात एका ग्रॅमची चूक झाली तरी हार्डनरच्या प्रमाणात दहा टक्के फरक पडतो. असे असताना दुकानातील मदतनीस, “थंडी असली तर हार्डनर जरा जास्त घाला, लवकर सेट होईल,” असा सल्ला सहजपणे देतो. पॉलिएस्टरच्या बाबतीत तो काही मर्यादेत खरा आहे, कारण तेथे मिसळला जाणारा कॅटॅलिस्ट केवळ प्रक्रिया सुरू करून देतो. इपॉक्सीत हार्डनर स्वतःच घट्ट होणाऱ्या रेणूंच्या जाळ्याचा भाग बनतो, त्यामुळे तो जास्त झाला की उरलेला अंश प्रक्रियेत न सामावता आत राहतो आणि थर मऊ, अशक्त राहतो. बंपरवर हे कदाचित खपून जाईल, पंखावर नाही. दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा स्वतःचा ठेवावा आणि वेग हवा असेल तर खोली गरम करावी, प्रमाण बदलू नये.

हेच इपॉक्सी दाटही आहे. हिवाळ्याच्या सकाळी ते कापडात शिरायला वेळ घेते आणि घाई करणारा माणूस वरून आणखी ओततो, तेव्हा भाग विनाकारण जड होतो. एप्रिलच्या दुपारी उलट घडते: भांड्यात खोल राहिलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने झपाट्याने घट्ट होते, म्हणून ते उथळ ट्रेमध्ये पसरून वापरावे. पावसाळ्यात दमट हवेमुळे सुकलेल्या थरावर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा थर चढवू नये. विमानबांधणीत रूढ असलेले एमजीएस एल २८५ हे इपॉक्सी बरेच पातळ आहे आणि त्यात १०० भागांस ४० भाग हार्डनर वजनाने लागतो, त्यामुळे मापातील बारीक चूक तेवढी जिव्हारी लागत नाही. ते या दुकानात ठेवत नाहीत.

फोमची छिद्रे बुजवण्यासाठी काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे, म्हणजे मायक्रोबलून्स, इपॉक्सीत साधारण समान आकारमानात मिसळून तो पातळ लेप कापडापूर्वी फोमवर फिरवायचा असतो. ‘फिलर’ मागितल्यावर येथे खडूची पूड पुढे येते. ती जड असल्याने येथे निरुपयोगी आहे. नेमके नाव सांगितल्यास मालक मायक्रोबलून्स मागवून देतात. पील प्लाय, म्हणजे थर सुकल्यावर सोलून काढायचे वरचे कापड, मिळते, पण महाग पडते. लक्ष्मी रस्त्यावरील साधे पॉलिएस्टर अस्तर धुऊन वापरल्यास सरावाला पुरते, मात्र पाणी झटकणारे कापड घेऊ नये, कारण त्यावरील लेप भागावर उतरतो.

येथील ३०० ग्रॅमचे कापड व इपॉक्सी निळ्या फोमच्या तुकड्यावर चढवून, पूर्ण सुकल्यानंतर मी थर ओढून पाहिला. थर सुटला तो फोमचाच पापुद्रा सोबत घेऊन, म्हणजे जोड फोमपेक्षा बळकट होता. हा निकाल समाधानकारक असला तरी तो त्याच गुंडाळीपुरता आहे. बॅच क्रमांक नसल्यामुळे पुढील खेपेचा माल तोच असेल असे समजता येत नाही. म्हणून सराव, मॉडेल विमाने, इंजिनावरील आवरणाचा नमुना, चाकांवरील आच्छादने यांसाठी मी येथून निःशंक खरेदी करीन, परंतु माणूस घेऊन उडणाऱ्या पंखाचे कापड आणि इपॉक्सी चाचणीपत्रासह मिळत असेल तेथूनच मागवीन, मग कितीही वाट पाहावी लागो.

रेझिन अर्धा किलोपासून सुटे मिळते आणि पक्के बिल न मागताही मिळते. हातमोजे पातळ असतात. नायट्राइलचे जाड मोजे दुसरीकडून घ्यावेत, आणि हात धुण्यासाठी दिले जाणारे ॲसिटोन टाळून व्हिनेगर व साबण वापरावा. गुरुवारी दुकान बंद असते.