बार्बाडोस, सेंट लुसिया की त्रिनिदाद-टोबॅगो?

नकाशावर कॅरिबियनमधली ही बेटं शेजारीशेजारी दिसतात, म्हणून एका आठवड्यात तिन्ही उरकायचा मोह होतो. तो आवरा. नाहीतर अर्धी सुट्टी विमानतळांवर जाईल.

सोबत वयस्कर आईवडील किंवा लहान मुलं असतील, तर बार्बाडोस. जेमतेम 430 चौरस किलोमीटरचं, प्रवाळाच्या चुनखडीवर उभं असलेलं, बरंचसं सपाट बेट. पश्चिम किनाऱ्यावर पाणी इतकं शांत असतं की नवख्यालाही भीती वाटू नये. पूर्वेला बाथशीबाला मात्र अटलांटिकच्या लाटा खडकांवर फुटतात; तिथे बघत बसायचं, पोहायचं नाही. आणि ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल! 29 जून 2024 ला रोहितच्या संघानं तिथेच विश्वचषक उचलला. महागाईची तयारी मात्र ठेवा.

सेंट लुसिया नवविवाहितांना आणि डोंगरवेड्यांना. सुफ्रिएरजवळ समुद्रातून सरळ वर उठलेले पिटॉनचे दोन सुळके, जवळच गंधकाचे उकळते झरे आणि कोमट चिखलाचं स्नान. पण एक गोष्ट आधीच बघून घ्या: मोठा विमानतळ दक्षिण टोकाला आणि बरीचशी हॉटेलं उत्तरेला रॉडनी बेकडे. मध्ये दीडेक तासाचा वळणावळणाचा रस्ता. ज्यांना गाडी लागते त्यांनी सुफ्रिएरकडेच मुक्काम करावा. तिथली वाळू काळसर आहे; पांढरीशुभ्र वाळूच हवी असेल तर हिरमोड होईल.

माझा स्वतःचा कौल त्रिनिदाद-टोबॅगोला. 30 मे 1845 ला भारतीय मजुरांचं पहिलं जहाज त्रिनिदादला लागलं. ती माणसं मुख्यतः बिहार-उत्तर प्रदेशाकडची, पण त्यांच्या वंशजांच्या स्वयंपाकघरानं शाकाहारी माणसाची इथे मोठी सोय करून ठेवली आहे. डबल्स म्हणजे दोन मऊ बाऱ्यांत, म्हणजे तळलेल्या छोट्या रोट्यांत, चण्याची उसळ आणि वर चिंचेची चटणी; नाश्त्याला रस्त्यावर उभं राहून खायचे. दालपुरी रोटी म्हणजे तर गुळाऐवजी मीठमसाल्याचं पुरण भरलेली पोळीच. दिवाळीला तिथे सरकारी सुट्टी असते. संध्याकाळी कारोनीच्या दलदलीत लालभडक आयबिस पक्षी झाडांवर उतरतात, ते चुकवू नका. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर गावसकरनं 1971 मध्ये पहिली कसोटी खेळली, हेही मला पुरेसं कारण वाटतं. गुन्हेगारीचा प्रश्न खरा आहे, त्यामुळे रात्री शहरात पायी भटकू नका. पोहण्यासाठी जोडीचं बेट टोबॅगो गाठा. विमानानं साधारण 25 मिनिटं.

जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ. त्रिनिदाद-टोबॅगो वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या बरंचसं दक्षिणेला आहे, पण पाऊस तिथेही गाठतोच. कोरडे दिवस हवेत तर फेब्रुवारी-मार्च धरा.

भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे जाताना नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, लंडनमार्गेही बहुतेकांना लागतो. म्हणून स्वस्त तिकीट दिसलं की लगेच पैसे भरू नका. आधी वाटेतल्या व्हिसाचं बघा.