चारशेचा टीडीएस पेन : खारं पाणी ओळखतो, युरिया नाही

ठिबकच्या दुकानात काउंटरवर मिळणारा पिवळा टीडीएस पेन (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं पेनाएवढं यंत्र) घ्यावा का, असं गावातले बरेच जण विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. घ्या. फक्त तो मोजतो काय, हे आधी समजून घ्या, नाहीतर खताच्या टाकीत पेन बुडवून दुकानदाराशी उगाच भांडाल.

आमचं गाव अकोट तालुक्यातलं. सातपुड्याच्या अंगाला विहिरी गोड, अन् पूर्णा नदीकडे उतरलं की खारपाणपट्टा सुरू. पाण्यासाठी हा पेन एक नंबर. आमच्या विहिरीचा आकडा 400 पीपीएमच्या (म्हणजे साधारण लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आत राहतो, खालच्या शिवारातल्या बोअरचा 2,000 च्या वर जातो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरला 500 मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर 2,000 पर्यंत. म्हणजे ते बोअर कपडे धुण्यापुरतं.

आता खताकडे या. डबीवर लिहिलंय ‘पाण्यात विरघळलेले एकूण घटक’. हे अर्धंच खरं. पेनाच्या टोकाला दोन बारीक पट्ट्या आहेत. त्यांच्यामधून पाण्यातून वीज किती जाते तेवढंच तो पाहतो, त्या आकड्याला ठरलेल्या गुणकाने गुणतो अन् पीपीएम म्हणून दाखवतो. वीज वाहून नेणारं काही पाण्यात नसेल, तर त्याच्या लेखी पाणी कोरंच.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं पाणी आणलं, प्लास्टिकच्या बाटल्यांत लिटर-लिटर भरलं अन् प्रत्येकीत एकेक ग्रॅम माल टाकला. पांढऱ्या पोटॅशला (पोटॅशियम क्लोराइड) आकडा सरळ 900 च्या पुढे. झिंक सल्फेटलाही चांगला चढला. युरियाला मात्र जागचा जेमतेम हलला. सगळा विरघळला, खाली कण नाही, वर युरियाला लावलेल्या निंबोळी तेलाचा किंचित तवंग, आणि पेन म्हणतो काहीच नाही. साखरेचंही तेच.

पोरगी नववीत आहे, तिनं लगेच सांगितलं. पोटॅश, मीठ, झिंक सल्फेट ही आयनिक संयुगं. पाण्यात पडली की धन अन् ऋण आयन वेगळे होतात, वीज नेतात. युरिया अन् साखर सहसंयुज, म्हणजे रेणू पाण्यात अख्खाच फिरतो, अंगावर प्रभार नाही. म्हणून युरिया सोडलेल्या टाकीत आकडा कमी आला की माल बोगस, असं समजू नका. उलट युरियाच्या पोत्यातला चमचाभर माल स्वच्छ पाण्यात टाकून आकडा शेकड्यांनी चढला, तर त्यात मीठ किंवा दुसरं काही मिसळलंय का, असा संशय घ्यायला जागा आहे. माझ्या मते चारशे रुपये इथंच वसूल होतात. मात्र द्रावण ताजं हवं. शेणामातीच्या पाण्यात युरिया काही दिवस राहिला की त्याचा अमोनिया होतो अन् आकडा आपोआप चढतो.

विरघळतं का, यावरून काही कळत नाही, दोन्ही जातीचे पदार्थ विरघळतात. जिप्सम तर आयनिक असून पाण्यात फार थोडं उतरतं. बाटली गार पडली म्हणजे युरियाच, हेही खरं नाही, 13:00:45 नेसुद्धा (पोटॅशियम नायट्रेट खत) ती गारच पडते. तापवून मात्र फरक दिसतो. जुन्या लोखंडी चमच्यात, अंगणात, चिमूटभर घ्यायचं. युरिया 133 अंशाला पाणी होतो अन् मग नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास सुटतो. पोटॅशला वितळायला 770 अंश लागतात, मीठाला 801. चुलीवर ते फार तर तडतडतात. 13:00:45 किंवा नायट्रेटचं कुठलंही खत आगीजवळ नेऊ नका, बाप्पा. ते आग भडकवतं.

एका ठिकाणी पोरीचा नियमही अडला. ठिबकच्या नळ्या धुवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड मुळात रेणूंचं, पण पाण्यात पडताच त्याचे आयन होतात, म्हणून पेन जोरात चढतो. ॲसिडमध्ये पेन बुडवून ठेवू नका, पट्ट्या खराब होतात.

आता तक्रारी. आयन कुठला, ते पेन सांगत नाही. संत्र्याला क्लोराइड मानवत नाही, म्हणून आम्ही 0:0:60 (तेच क्लोराइडचं पोटॅश) टाळून 0:0:50 (सल्फेटचं पोटॅश) घेतो. त्या दोघांतला फरक याच्यानं कळणार नाही, पिशवीवरचं छापील वाचायलाच लागतं. सोबतचा कागद इंग्रजीत, तोही बारीक. आकडा जुळवून घ्यायचं द्रावण डबीत नाही, ते वेगळं घ्यावं लागलं. उन्हात तापलेल्या नळीतलं पाणी लगेच मोजलं तर आकडा नाचतो, दहा मिनिटं सावलीत ठेवून मोजा.

पाचपैकी साडेतीन. फक्त विहिरीचं पाणी पाहायचं असेल तर डोळे झाकून घ्या. ठिबकमधून नेमानं खत सोडत असाल तर थोडे जास्त पैसे घालून ईसी (पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता) थेट दाखवणारा मीटर घ्या, गुणकाचा घोळ राहत नाही. युरियाच्या बाबतीत मात्र तोही असाच आंधळा. सेल एलआर 44 चे लागतात. गावात मिळत नाहीत, अकोटला घड्याळवाल्याकडे मिळतात, जास्तीचे आणून ठेवा.