कार्यशाळा, चित्रकलेचा वर्ग आणि कचेरीची खिडकी : एका हायस्कूलविषयी पालकाचा अभिप्राय

आमच्या तालुक्याच्या गावातील एका अनुदानित हायस्कूलमधून माझी मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली. आठवी ते दहावी अशी तीन वर्षे या शाळेशी जवळून संबंध आला. निकालाची टक्केवारी शाळेच्या फाटकावरील फलकावर असतेच, त्यामुळे तिच्याविषयी येथे लिहीत नाही. ज्या गोष्टी प्रवेश घेताना कोणी विचारत नाही, म्हणजे व्यवसाय शिक्षण, कलाविषय आणि कचेरीचा कारभार, त्यांविषयीच लिहायचे आहे. शाळेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण गाव लहान आहे आणि पुढे ज्यांच्याविषयी तक्रार आली आहे ती माणसे रोज बाजारात भेटतात.

नववीपासून येथे ‘मल्टी स्किल’ हा व्यवसाय विषय घेता येतो. हा विषय कागदावर राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातून, म्हणजे शिक्षकांच्या भाषेत ‘एनएसक्यूएफ’मधून आलेला असला, तरी त्याचे मूळ आपल्याच मातीतले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे आकाराला आलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमातील अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य आणि शेती व पशुपालन हे चार विभाग या विषयात आजही ओळखू येतात. या शाळेची मला सर्वांत आवडलेली बाब अशी की, येथे मुलींना शिवणयंत्राकडे आणि मुलांना वेल्डिंगकडे अशी वाटणी केली जात नाही. प्रत्येक गट पाळीपाळीने चारही विभागांत जातो. रोपवाटिकेत पिशव्या भरणारी, चिक्कीचा पाक पाहणारी आणि पत्र्याला भोक पाडणारी मुले तीच असतात.

हे शिक्षण किती खोलवर उतरले, याचा अनुभव आम्हाला स्वयंपाकघरात आला. तेथील एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही रात्री मंद मिणमिणत राहत असे. वायरमनने बल्ब खराब असल्याचे सांगितल्यामुळे आम्ही दोन बल्ब बदलून पाहिले, पण मिणमिण कायम राहिली. मुलीने एका रविवारी बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. “आई, बटणातून फेज जायला हवी, इथं न्यूट्रल घेतलीय. बल्ब बंद दिसला तरी होल्डर जिवंतच राहतो,” असे तिने सांगितले. मग वडिलांना मेन स्विच बंद करायला लावून तिने स्वतः बोर्ड उघडला आणि दोन्ही वायरी योग्य जागी जोडल्या. पाठ्यपुस्तकातील विजेचे प्रकरण तिच्या वर्गातील सर्वांनीच वाचले असेल. पण त्यातले ज्ञान हातात येण्यासाठी लाकडी पाटीवर दहा वेळा जोडणी करून दहा वेळा सोडवावी लागते, आणि ती येथे करून घेतली जाते.

उणिवाही आहेत. वेल्डिंगची दोन यंत्रे असली तरी एक कायम नादुरुस्त असते. हातमोजे पुरेसे नाहीत आणि काळ्या काचेचा मुखवटा एकेकाने वापरावा लागत असल्याने बाकीची मुले पाठ फिरवून उभी राहतात. डिसेंबरनंतर वेल्डिंग रॉड संपतात आणि पुढच्या प्रात्यक्षिकांचे चक्क चित्र काढून घेतले जाते. याचा दोष मी प्रशिक्षकांना देणार नाही. बाह्य संस्थेमार्फत नेमलेल्या माणसाचे मानधन महिनोन्‌महिने रखडत असताना त्याने स्वतःच्या खिशातून रॉड आणावेत, अशी अपेक्षा धरणे बरे नव्हे. तरीही गेल्या वर्षी त्यांनी दोनदा ते आणले, हे येथे नोंदवले पाहिजे.

कलेच्या बाबतीत शाळेचे दोन चेहरे दिसतात. चित्रकला शिक्षक उत्तम आहेत. शासकीय रेखाकला परीक्षांसाठी, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटसाठी, ते जुलैपासून शाळा सुटल्यावर तासभर थांबतात आणि वेगळी फी घेत नाहीत. स्थिरचित्रासाठी ते बाजारातून आणलेले प्लास्टिकचे फळ न ठेवता कचेरीतला पितळी तांब्या, सुरकुतलेला टॉवेल आणि अर्धे कापलेले वांगे ठेवतात. वांगे तासाभरात काळवंडत जाते आणि मुलांना सुरुवातीला लावलेला रंग पुन्हा पाहून बदलावा लागतो. घनभूमितीच्या आकृत्यांना मुले कंटाळतात, त्या मात्र ते थोड्या घाईने उरकतात. संगीताची अवस्था याच्या अगदी उलट आहे. पेटी आणि तबला आहे, पण संगीताच्या खोलीत पोषण आहाराची तांदळाची पोती रचलेली असतात आणि शिक्षक अर्धवेळ आहेत. स्नेहसंमेलनाच्या तयारीत जाणारे चार आठवडे मी कलाशिक्षणात धरत नाही. ध्वनिमुद्रित गाण्यांवर एकसारखे हातवारे बसवून घेणे याला फार तर कवायत म्हणता येईल.

आता कचेरीकडे वळते. चित्रकलेतील मेहनत गुणपत्रिकेत उतरायची असेल, तर तिचा रस्ता कचेरीच्या खिडकीतूनच जातो. इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी मिळाल्यास दहावीला 7, ब श्रेणीला 5 आणि क श्रेणीला 3 वाढीव गुण मिळतात. ते आपोआप जमा होत नाहीत, शाळेला मुदतीत मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. माझ्या मुलीला ब श्रेणी मिळाली होती, परंतु प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावातील शेवटचे अक्षर गळले होते. चूक शाळेने भरलेल्या अर्जातली होती. कनिष्ठ लिपिकाने मात्र ती आमचीच असल्यासारखे तीन वेळा परत पाठवले. एकदा तर “सर्व्हर डाऊन आहे” हे उत्तर संगणक सुरू न करताच मिळाले.

शेवटी वडील लिपिक, ज्यांना सगळी शाळा भाऊसाहेब म्हणते, रजेवरून परतले. त्यांनी जनरल रजिस्टर काढले, नोंदीवर बोट ठेवून आधार कार्डाशी ताडून पाहिले, दुरुस्तीचा अर्ज स्वतः सांगून माझ्याकडून लिहून घेतला आणि म्हणाले, “ताई, दाखला हातात पडायच्या आधी सगळीकडचं नाव एक करून घ्या, शाळा सोडल्यावर रजिस्टरला हात लावता येत नाही.” प्रस्ताव मुदतीत गेला आणि 5 गुण मिळाले. एवढ्या मोठ्या शाळेची कचेरी एका माणसाच्या स्मरणशक्तीवर चालते, याचे मला कौतुक वाटले आणि तितकीच काळजीही, कारण भाऊसाहेब पुढील वर्षी निवृत्त होत आहेत. शिपायांच्या बाबतीत हेच आधी घडले आहे. 2020 च्या शासन निर्णयानुसार रिक्त होणाऱ्या शिपाईपदांऐवजी शाळेला भत्ता मिळतो आणि त्या भत्त्यावर आलेली माणसे वर्षभरही टिकत नाहीत. त्यामुळे कार्यशाळेची किल्ली कोणाकडे आहे, हे शोधण्यात पहिली वीस मिनिटे जातात.

मुलाला किंवा मुलीला हाताने काही करण्याची आवड असेल, तर या शाळेत अवश्य घालावे. गाण्याची ओढ असेल, तर बाहेर वर्ग लावण्याची तयारी ठेवावी. रेखाकला परीक्षेचा अर्ज भरताना शेजारी उभे राहून नाव अक्षरन्‌अक्षर वाचून पाहावे आणि प्रमाणपत्राच्या दोन प्रती काढून ठेवाव्यात. कचेरीची खिडकी सकाळी साडेदहाला उघडते. बोनाफाईड त्याच दिवशी मिळते, दाखल्याला मात्र जूनमध्ये आठवडा लागतो, म्हणून त्याचा अर्ज निकालाच्या दुसऱ्याच दिवशी देणे चांगले.